पाचातलं जाड पुस्तक

३ मार्च १८५७, मंगळवार

पत्र आलं. सरकारी शिक्क्याचं, आणि वर माझं नाव: एनोस डेटवायलर, मोजणीदार. उत्तरेच्या मोठ्या सरोवराकाठी नवा तालुका पाडायचाय आणि त्याची मोजणी माझ्याकडे. बारा मैल लांब, नऊ मैल रुंद. आजवर तिथं कुणी मोजणीची साखळी टाकलेली नाही. एकेचाळीस वर्षांचा बाप्या मी, पण पत्र हातात धरून गोठ्याभोवती दोन चकरा मारल्या. गाईंनी बघितलं, बाकी कुणी नाही.

सलोमी मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक आटवत होती. तिला वाचून दाखवलं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"एप्रिलअखेर सरोवराचं बर्फ फुटलं की बोट सुटेल. परत बर्फ पडायच्या आत येतो."

"म्हणजे पेरणी, कापणी आणि सफरचंदं, तिन्हींतून सुटलात." हसतच म्हणाली, असं मी धरून चालतो.

सोबत नकाशा आहे, जवळजवळ कोरा. जमीन मोकळी आहे असं पत्रात लिहिलंय. एक तुटक रेघ तेवढी दिसते, तिथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांची पायवाट म्हणे, आणि तिच्या कडेला चार घरांच्या खुणा. त्या आपल्या चौकोनांत कुठं बसवायच्या ते तिथं गेल्यावर बघू.

जेवणाआधी देवाचे आभार मानले आणि नम्रता मागितली. मग पत्र पुन्हा वाचलं.

५ मार्च

मनासेला सांगायला गेलो. मनासे बेट्झनर, सलोमीचा धाकटा भाऊ. घोड्यांचे साज शिवतो, आणि मोजणी असली की माझ्या साखळीचं पुढचं टोक धरतो. नऊ वर्षं झाली. साखळी ताणावी तर त्यानंच. कुंपण असो, दलदल असो, रेघेतून हलत नाही. फक्त बोलताना अडखळतो, लहानपणापासून. गिऱ्हाईकाला भाव सांगायचा तरी बोटं दाखवतो.

"उत्तरेला येणार ना?" मी विचारलं.

त्यानं हातातला दाभण खाली ठेवला. "दा... दाजी, उ... उद्या निघायचं का?"

दोघं इतके हसलो की त्याची बायको बघायला आली. निघताना त्याला म्हटलं, तुझी ती वरची फळी डाव्या अंगाला पाव इंच उतरलीय. त्यानं पट्टी लावून बघितली. पाव इंच. हा डोळा देवानं दिलाय, त्यात माझं काय. पण पाव इंच म्हणजे पाव इंच.

९ मार्च, सोमवार

जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आलो. कारकुनानं बायबल पुढं सरकवलं, म्हणाला, हात ठेवून शपथ घ्या. मी म्हटलं, आम्ही मेनोनाइट पंथाचे लोक शपथ घेत नाही. हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही, तेवढं लिहून घ्या, कायदा तेवढी सूट देतो.

"मग तुमच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?"

"मोजून बघा," मी म्हटलं.

घोडागाडीत बसेपर्यंत हे वाक्य मी मनात चार वेळा म्हणून बघितलं. चांगलंच जमलं होतं.

१५ मार्च, रविवार

म्हातारे उपदेशक हिवाळ्यात गेले, त्यांची जागा रिकामी आहे. आज बिशप योनास क्रेसमन यांनी सांगितलं की पुढच्या रविवारी नावं घेणार आणि त्यानंतरच्या रविवारी चिठ्ठी काढणार. ज्याला चिठ्ठी येते तो जन्मभराचा उपदेशक. पगार नाही, नकार नाही, आणि गाव सोडून सहा महिने जंगलात जाणं तर नाहीच नाही.

मला काळजी नाही. जो माणूस अर्धं वर्ष दुसऱ्यांच्या बांधावर असतो त्याचं नाव कोण देणार?

२२ मार्च, रविवार

माझं नाव आलं.

एकेक जण आतल्या खोलीच्या दाराशी गेला, बिशपच्या कानात नाव सांगून परत बाकावर बसला. बायकाही गेल्या. शेवटी बिशपनी पाच नावं वाचली, वयाच्या क्रमानं: टिलमन एर्ब, लेवी ग्रो, मी, मनासे, आणि यॉस्ट वेबर. मग मनासेकडं बघितलं, तर तो भिंतीसारखा पांढरा पडला होता.

मनासेचं नाव कुणी दिलं असेल? ज्याला घरच्या टेबलावर प्रार्थना म्हणताना घाम फुटतो त्याला तीनशे माणसांपुढं उभं करायचं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. घरी येताना गाडीत मी हे मोठ्यानं बोललो. सलोमी लगाम धरून पुढं बघत राहिली. तीही हादरली असणार.

२४ मार्च

पाचात एक. चार वाटे सुटकेचे, एक वाटा अडकायचा. मोजणीदाराला एवढं गणित येतं, तरी कोन मोजायचा थिओडोलाइट पुसायला घेतला आणि पुसून पुन्हा पेटीत ठेवला. कोरा नकाशा भिंतीवर लावला होता, तो काढून ठेवला. नंतर परत लावला.

खरं सांगायचं तर डोक्यात दुसराही एक विचार येतो. समजा आलीच चिठ्ठी, तर मी बोलेन बरा. "हद्दीचा दगड हलवू नये" या बायबलातल्या वचनावर माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. नुसतं मनात मांडून बघितलं तर पाऊण तास पुरलं. हा गर्व नाही. तयारी आहे.

२६ मार्च, गुरुवार

मनासे आला होता. धान्याच्या कोठाराशी उभा राहिला, आत येईना. टोपी हातात चुरगाळत होता.

"दाजी, मला आ... आली तर मी म... मरेन."

"कुणी मरत नाही त्यानं."

"तुम्ही न... नाही मरणार. तुम्हाला बोलायला आ... आवडतं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "तुझ्यावर येणार नाही. देव इतका कठोर नाही." तो गेल्यावर वाटलं, मी हे कोणत्या अधिकारानं बोललो? पण आता बोलून गेलोय.

२९ मार्च, रविवार

आता जे झालं ते शांतपणे लिहितो, जमेल तसं.

टेबलावर गीतांची पाच पुस्तकं ओळीनं उभी ठेवली होती, प्रत्येकाला चामड्याचा पट्टा बांधलेला. एकाच छापाची, एकाच रंगाची. आतल्या खोलीत एका डीकननं, म्हणजे मंडळीच्या सेवकानं, एकात चिठ्ठी ठेवली, दुसऱ्यानं पुस्तकं उलटसुलट केली, त्यामुळं कुठल्यात आहे हे कुणालाच ठाऊक नाही. आम्ही पाचही जण समोरच्या बाकावर. बिशपनी गुडघे टेकायला सांगितले, प्रार्थना झाली, आम्ही उठलो. आणि मी पुस्तकांकडं बघितलं.

बघायला नको होतं. पण हा डोळा मिटून बसत नाही.

डावीकडून चौथं पुस्तक जाड होतं. फार नाही, अष्टमांश इंच. बाकी चार सारखी, ते एक जाड, पट्टा ताणलेला. चिठ्ठी घडी घालून ठेवली की पुस्तक तेवढं फुगतंच. या अख्ख्या प्रार्थनाघरात एकटा मी जाणत होतो.

टिलमन उठला, पहिलं घेतलं. लेवीनं दुसरं घेतलं. सगळे जवळचं घेतात, कुणी निवडत बसत नाही. माझी पाळी. माझ्यापुढं तिसरं होतं, सडपातळ, निरुपद्रवी. ते उचललं की मी सुटलो. पण मग जवळचं म्हणून चौथं मनासेच्या हातात जाणार. मी मागं वळून बघितलं नाही, तरी त्याचा श्वास ऐकू येत होता.

उत्तरेचं सरोवर, कोरा नकाशा, बोट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. हे एवढं सगळं मी त्या एका पावलात सोडलं. हे लिहून ठेवतो कारण ते खरं आहे. तिसऱ्याच्या पलीकडं हात नेला आणि जाड पुस्तक उचललं. बाकावर कुणीतरी खाकरलं. बसलो तेव्हा डोळे भरून आले होते आणि मनात मोठा आनंद होता, आजवर कधी झाला नाही एवढा. मनासे उठला, टेबलापाशी क्षणभर नुसता उभा राहिला, मग तिसरं घेतलं. यॉस्टनं उरलेलं.

बिशप एकेकाचा पट्टा सोडत आले. टिलमनचं रिकामं. लेवीचं रिकामं. माझं घेतलं. मी मान खाली घातली आणि तयार झालो.

रिकामं.

पानं तेवढी लाटालाटांची होती, कधीतरी भिजून वाळलेली. बिशपनी पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुढं गेले. मनासेचं उघडलं. चिठ्ठी तिथं होती, अगदी पातळ, न घडी घातलेली.

बायकांच्या बाजूला कुणीतरी रडलं. बिशपनी मनासेला हाताला धरून उठवलं, तिथंच दीक्षा दिली, गालाला गाल लावून शांतीचं चुंबन दिलं. मी बघत होतो. तिसरं पुस्तक. जे माझं होतं. जे मी हात लांब करून ओलांडलं.

३१ मार्च

झोप नाही, भूक नाही. त्याला वाचवायला गेलो आणि मीच त्याच्या पुढ्यात ठेवून आलो. कुणी बांधावरचा दगड असा हलवला असता तर मी ते गावभर सांगितलं असतं.

आणि बोटीचं तिकीट आलं. ते हातात घेतलं आणि, देवा क्षमा कर, मन उडी मारून उठलं. एकाच छातीत हे दोन्ही कसं मावतं ते मला कळत नाही. साखळीचं पुढचं टोक धरायला आता यॉस्ट येतोय. त्याला काही येत नाही, पण खुशीत आहे.

१२ एप्रिल, ईस्टर रविवार

मनासेचा पहिला उपदेश. सकाळी त्याच्याकडं गेलो होतो. 'हद्दीचा दगड' मी अकरा पानांवर नीट लिहून काढला होता, तो त्याला दिला. म्हटलं, नुसतं वाच. त्यानं पानं बघितली, परत केली. "ह... हे तुमचं आहे, दाजी."

तो उभा राहिला तेव्हा मी बाकाची कड घट्ट धरली होती. पहिला शब्द यायला इतका वेळ लागला की मुलंसुद्धा हलायची थांबली. मग तो बोलला. दोन शब्द, थांबला. तीन शब्द, थांबला. बायका पहाटे कबरीकडं निघाल्या आणि दगड कोण हलवेल याची काळजी करत गेल्या, एवढंच त्यानं सांगितलं. त्या घाबरलेल्या होत्या, तरी गेल्या. तेवढ्यात संपलं. मोजून सहा मिनिटं.

कुणीच उठेना. म्हातारा टिलमन, जो चाळीस वर्षं उपदेशात डुलक्या काढतो, टक्क जागा होता आणि नाक पुसत होता.

मलाही हुंदका आला. पण त्याच्याबरोबर अजून काहीतरी आलं, त्याला काय म्हणावं ते मी अजून ठरवलेलं नाही. माझ्या पानांतला तिसरा मुद्दा त्यानं साफ सोडला होता. मी असतो तर सोडला नसता.

१३ एप्रिल

न्याहारीला सलोमीला म्हटलं, "मनासेचं नाव देणाऱ्यानं मोठंच धाडस केलं म्हणायचं."

तिनं पावावर सफरचंदाचा मुरंबा लावला, नीट कडेपर्यंत. "मी दिलं," म्हणाली.

"तू?"

"तो लहानपणी आजारी वासराशी तासन्‌तास बोलत बसायचा. अडखळत, पण सोडायचा नाही. वासरूसुद्धा ऐकायचं."

मग विचारलं, "माझं नाव नाही दिलंस?"

"अहो, तुम्ही कुणाला विहिरीचा रस्ता सांगायला लागलात की माणूस तहानेनं मरतो." आणि माझ्या हातावर हात ठेवून हसली. मीही हसलो. चांगलंच झोंबलं ते.

२० एप्रिल

बोट तीस तारखेला, गुरुवारी. खुंट्या बांधल्या, तंबू उन्हात टाकला, होकायंत्र तपासलं. सरोवराचं बर्फ फुटल्याची बातमी आली तेव्हा मी आणि यॉस्टनं अंगणात साखळी ताणून बघितली. नंतर यॉस्ट ती चुलीपाशीच विसरून गेला. तरी मजा आली.

पण शनिवारी संगतीची सभा आहे. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाला उभं राहून सांगावं लागतं की देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे. हो ते हो. मी काय सांगणार? आणि ते न सांगता बोटीत कसा बसणार?

२४ एप्रिल, शुक्रवार

मनासेच्या दुकानात गेलो. तो घोड्याचा गळपट्टा शिवत होता. मी दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अष्टमांश इंच, चौथं पुस्तक, तिसरं ओलांडलं ते. तुला वाचवायला गेलो आणि तुझ्याच गळ्यात घातलं, म्हटलं. मला माफ कर.

त्यानं शिवण थांबवली नाही. चार टाके घातले. मग बोलला, सावकाश.

"ते पुस्तक वि... विधवा गिंगरिचबाईंचं. ओढ्यात प... पडलं होतं. म्हणून जाड. पट्टा मी ला... लावला, गेल्या शरदात. लांब लावावा लागला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"बघितल्याबरोबर. चिठ्ठी आत असती तर प... पट्टा बसलाच नसता. माझा पट्टा मी ओ... ओळखतो." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दाजी, मी ते घेणार होतो. रिकामं आहे म्हणून. ठ... ठरवलं होतं. तुमच्यानंतर माझीच पाळी. आणि तुम्ही हात लां... लांब केलात."

असं झालं तर. मी त्याला वाचवायला पाण्यानं फुगलेलं पुस्तक उचललं, आणि तो स्वतःला वाचवायला तेच उचलणार होता. दोघांनीही देवाचं टेबल डोळ्यांनी मोजलं होतं. गेला महिनाभर तोही एकटाच हे गिळून बसला होता, आणि त्यातच त्यानं ईस्टरचा उपदेश केला.

"आता?" मी विचारलं.

"बि... बिशपकडं," तो म्हणाला. "दोघं."

२५ एप्रिल, शनिवार

सभेच्या आधी गेलो, सकाळीच. बिशप योनास अंगणात सरपण रचत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, एकेक ओंडका हातात फिरवून ठेवतो. आम्ही दोघांनी सांगितलं. मी लांबवलं, मनासेनं थोडक्यात सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग ओंडक्यावर बसले.

"तीसेक वर्षं चिठ्ठ्या काढतोय," म्हणाले. "आता पुस्तकं कागदात गुंडाळून ठेवायला सांगतो." मग गंभीर झाले. "पण तुम्ही म्हणताय ते मला दडवता येणार नाही. वसंत परिषदेत इतर बिशपांपुढं ठेवतो. ते म्हणतील, पुन्हा काढा. पाचही नावं, नव्यानं. मनासे, तुझा भार उतरेल. तुझी इच्छा असेल तर."

पुन्हा काढा.

इथं मी खोटं लिहिणार नाही. ते शब्द ऐकले आणि माझं काळीज असं उडालं की पत्र आलं त्या दिवशीसुद्धा उडालं नव्हतं. बोट गेली तर जाऊ दे. तालुका कुणीही मोजेल. अकरा पानं घरी तयार होती. ती जाड चोपडी उचलताना मी उत्तरेची मोजणी सोडली, असं लिहिलंय वर. सोडली होतीच. पण मनासेसाठी नाही. मला ती जागा हवी होती, आणि त्याला वाचवण्याचं निमित्त मला फार सोयीचं पडलं. हे मला तिथं, त्या सरपणापाशी कळलं. आणि तरीही मी मनात म्हणत होतो, मनासे, हो म्हण.

मनासेनं तोंड उघडलं. शब्द अडकला. त्याचा जबडा हलत राहिला, मानेची शीर ताठ झाली, आणि मी नेहमीप्रमाणं त्याचं वाक्य पुरं करायला पुढं झालो. त्यानं हात वर करून मला थांबवलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"नको," तो म्हणाला. "मी भी... भितो. पण ती माझी आहे."

बिशपनी मान डोलावली. मग माझ्याकडं वळले. "एनोस, तुझं काय म्हणणं?"

अकरा पानं पुरेल एवढं म्हणणं होतं माझं.

"माझी गुरुवारी बोट आहे," मी म्हटलं, आणि तिथंच, त्या दोघांसमोर, मला रडू फुटलं.